शोभाने ऐकलंच नाही

रविवार, संध्याकाळ. इंदूर.

कॉलेज सुटल्यानंतर आज प्रथमच शोभाला भेटले. तिच्या मुलाकडे, राजेंद्र नगरात. दारातच गळ्यात पडली. माझ्यासाठी गराडू, इकडचा तो थंडीतला कंद, तळले होते. पण मला आधी सांगून टाकायचं होतं. सुधीर माझा नवरा नंतर झाला, त्याआधी आम्हा तिघांची पक्की दोस्ती. तिला हे फोनवर कळू नये म्हणून तर आले.

"शोभा, सुधीर गेला ग. दिवाळीच्या आधी."

ती हसली. "अरे वा, बढिया!"

मी बघतच राहिले. अशी कशी हसली? इतकी वर्षं आले नाही, त्याचा राग? तेवढ्यात सून पाणी घेऊन आली आणि हळूच म्हणाली, "काकू, मम्मीजींना ऐकूच नाही येत हो. मशीन आहे, पण कोणी येणार असलं की काढून ठेवतात. शरम वाटते त्यांना."

म्हणजे मी आल्यापासून ती अंदाजाने हसत होती. कळलं, तरी ते हसू डोळ्यांसमोरून हलत नाही.

निघताना तिने हात धरला. "सुधीरला का नाही आणलंस? बरा आहे ना?"

आता ओरडून सांगावं लागलं असतं. फाटकाशी शेजारी उभे. नाही जमलं.

"मजेत आहे!" मी मोठ्याने म्हणाले. हे मात्र तिला नीट ऐकू गेलं. म्हणाली, "पुढच्या वेळी दोघं या."

चुकलं का माझं? खोटं बोलले, त्याचं एवढं नाही. पण ते मोठ्याने म्हणताना क्षणभर मला बरं वाटलं. तेव्हापासून रडू थांबत नाहीये.