काळजीची पंधरा मिनिटं

१६ नोव्हेंबर १९८६, रविवार

झालो एकदाचे अंधेरीकर! लालबागच्या चाळीत एका खोलीत सात वर्षं काढली. आता दोन खोल्या, स्वतःचा नळ, स्वतःचा संडास. चाळीत दार दिवसभर सताड उघडं. इथे मी दुपारी आतून कडी लावली, परत काढली, परत लावली. गुणाजी म्हणजे आमचे हे, बघून हसले. सहा वर्षांची प्रेमा या खोलीतून त्या खोलीत पळत होती. आमचा ब्लॉक टोकाचा, दुसऱ्या मजल्यावर. बाहेरच्या खोलीच्या भिंतीपलीकडे नुसतं मोकळं मैदान. त्या बाजूला भांडायला कोणी नाही, एवढीच काय ती गैरसोय.

वास्तुशांत मात्र राहिली. सासूबाईंना जाऊन वर्ष व्हायचंय, तोवर घरात शुभकार्य नको, असं यांचं म्हणणं. मी म्हटलं, राहू दे. मला कुठे होमाच्या धुरात बसायची हौस आहे?

१८ नोव्हेंबर

मला काळजीचं व्यसन आहे. कुणाला तपकिरीचं असतं, मला याचं. ऑफिसात टाइप करतानाही डोक्यात गिरणी चालूच. शेवटी मागच्या आठवड्यात मनाच्या डॉक्टरांकडे गेले. माणूस भला आहे. त्यांनी उपाय सांगितला. दिवसभर आलेली काळजी परतवून लावायची, संध्याकाळी ये म्हणायचं. रोज एकच वेळ, एकच खुर्ची, पंधरा मिनिटं. तेव्हा सगळं मोठ्याने बोलायचं, मग वहीत लिहायचं, वही मिटायची आणि भात टाकायचा.

वेळ मी सहाची ठरवली. पाचला ऑफिस सुटतं, यांची कारखान्यात दुसरी पाळी असते, म्हणजे ऐकून हसणारं कोणी नाही. देवापाशी दिवा लावते आणि बाहेरच्या खोलीत मैदानाकडच्या भिंतीकडे तोंड करून बसते. तीन दिवसांत बरीच मोकळी झाले. झकास उपाय!

२१ नोव्हेंबर

प्रेमाला शाळेतून आणून मी येईपर्यंत सांभाळणाऱ्या खालच्या नलिनीताई आज बोलल्याच. दिवेलागणीला घरात वाईट बोलू नये, वास्तू तथास्तु म्हणत असते, आणि तुमची तर अजून शांतही केलेली नाही. मी म्हटलं, मुंबईत मग वास्तूला फारच ओव्हरटाइम पडत असेल. त्यांना आवडलं नाही.

सहाला बोलले की टेंडरमध्ये माझ्याकडून आकडा चुकेल आणि हेडक्लार्क धोंडिराम सगळ्यांदेखत माझी शोभा करतील. बोलून थांबले, तर भिंतीतून आवाज आला. हं. गोष्ट ऐकणारा माणूस देतो ना, तसा हुंकार.

पलीकडे मैदान आहे.

२२ नोव्हेंबर

आकडा चुकला. धोंडिराम सगळ्यांदेखत बोलले, अगदी मी म्हटलं होतं त्याच शब्दांत. योगायोग.

२६ नोव्हेंबर

चार दिवस गप्प होते. आज राहवलं नाही. यांचा हात प्रेसखाली येईल, उजव्या हाताची दोन बोटं जातील, ही माझी जुनीच भीती. बोलले.

हं.

२७ नोव्हेंबर

उजवा हात. दोन बोटं.

इस्पितळात हे मलाच धीर देत होते. मी त्यांच्या तोंडाकडे बघू शकले नाही. मी केलंय हे.

२९ नोव्हेंबर

आज भिंतीला चांगलं सांगितलं. यांचा हात भरून येईल, प्रेमा पहिली येईल. आवाज नाही. मग धोंडिरामला शिव्या घातल्या, त्याची जीभ झडो म्हटलं. लाज वाटायला हवी होती, वाटली नाही. तरी आवाज नाही. शिव्या त्या आवाजाला नकोत. मी ज्याला खरोखर घाबरते, तेवढंच त्याला हवंय.

२ डिसेंबर

तोंड घट्ट मिटून बसले. नुसतं मनात आलं की कुकर उडेल.

हं.

३ डिसेंबर

कुकर उडाला. मान भाजली. प्रेमा बाहेर होती म्हणून—

म्हणजे बोलायचीही गरज नाही. नुसतं मनात आलं तरी पुरतं. आणि आता माझ्याकडे एकच भीती उरली आहे. ती मी इथे लिहिणार नाही. तिचं नावसुद्धा त्या वेळी मनात येऊ देणार नाही.

४ डिसेंबर

डॉक्टर म्हणाले, विचार दाबू नका, दाबला की उसळतो. येऊ द्या, जाऊ द्या, नुसत्या विचाराने काही होत नसतं. बरोबर आहे त्यांचं. माझं घर सोडून सगळीकडे बरोबर आहे.

५ डिसेंबर

सहाला घरात थांबलेच नाही. बसस्टॉपवर जाऊन बसले. तिथे भिंत नाही, काही नाही. तरी पाठीमागून—

हं?

आता विचारतंय. पुढचं सांग म्हणतंय.

८ डिसेंबर

सहाला एकोणतीसचा पाढा म्हणते. मोठ्याने. थांबायचं नाही. प्रेमा बघत असते. तिने विचारलं, आई भिंतीशी काय बोलतेस. मी तिला मारलं. आजवर कधी हात उचलला नव्हता. नंतर कुशीत घेतलं, पण ती अंग चोरून बसली.

९ डिसेंबर

स्वयंपाकघरात दिवा लावत होते, पाढा चालू होता. बाहेर प्रेमा माझ्या खुर्चीवर. मांडीवर हात, भिंतीकडे तोंड. माझ्यासारखीच.

सांगत होती. आई झोपत नाही, आई मारते. मला भीती वाटते, मी उद्या शाळेतून येईन आणि आई घरात नसेल. चपला असतील, चष्मा असेल, आई नसेल.

धावले, तिच्या तोंडावर हात ठेवला—

हं.

किती मायेने म्हणालं. मला कधी असं नाही म्हणालं.

१० डिसेंबर

ती शाळेत गेली, हे अजून इस्पितळातच. मी रजा टाकली. तिच्या शाळेच्या फाटकाशी जाऊन बसायचं ठरवलं होतं. कडी निघत नाही. बत्त्याने ठोकली, निघत नाही. हाका मारल्या. त्या बाजूला मैदान. नलिनीताई तिला आणायला गेल्या.

बरं वाटतंय, खरं सांगते. तिच्यावरचं टळलं. माझ्यावर आलं.

बाराला पाच कमी. चपला दाराशी. चष्मा डोळ्यांवरून काढणार नाही, काही झालं तरी—

जिन्यात तिचा आवाज. भिंत अगदी जवळ

प्रेमा, बाळा, मोठी झालीस की हे वाच. यात तुझा काही दोष नाही. असं कधी मनातसुद्धा आणू नकोस की तुझ्यामुळे