सूरच्या हॉटेलात हे झोपलेत

शुक्रवार, सूर. मगरिबच्या नमाजानंतर, दिवेलागणीला.

समुद्रासमोरची खोली ह्यांनीच मागून घेतली. "तू ओमानला आलीस की दोन दिवस हॉटेलात राहू," असं किती वर्षं फोनवर सांगत होते, आणि मी रत्नागिरीत बसून ऐकत होते. काल संध्याकाळी इथे आलो, जेवलो आणि हे झोपले. आज जुम्याच्या नमाजाला तेवढे उठले, आल्यावर पुन्हा आडवे.

रुसैलच्या कारखान्यात रात्रपाळ्या करून माणूस थकणारच. मला कळत नाही का? कळतं. तरी राग येतोच.

पलंग केवढा मोठा आहे! आणि हे अगदी कडेला, अंग चोरून झोपलेत. कंपनीच्या खोलीतल्या अरुंद खाटेची सवय, दुसरं काय. रात्री मी हात लांब केला, तो पोचलाच नाही.

दुपारी एकटीच किनाऱ्यावर गेले. वास आपल्या बंदरासारखाच, पण बोलायला कोण? लोक बायकामुलांना घेऊन आलेले. थोडं चालले नि परतले. हे तसेच, त्याच कडेला.

मघाशी टॉवेल द्यायला कुणीतरी दार वाजवलं, तसे दचकून उठून बसले.

"बस आली काय रे?"

रे! मला खोलीतला सोबती समजले.

"बस नाही. आपण सूरला आलोय. सुट्टी आहे."

माझ्याकडे बघतच राहिले. मग हळूच विचारलं, "तू कधी आलीस?"

मला ओमानला येऊन आठवडा झाला.

"आत्ताच," मी म्हटलं.