काकाराजाचं भाषण

६ नोव्हेंबर
नाटक लिहून संपलं एकदाचं. महायुद्धातलं युरोपातलं छोटं राज्य. राजाचा खून, मुलगा लहान, म्हणून काका कारभार बघतो. शत्रूचं सैन्य दारात येतं तेव्हा देश वाचवायला करार करतो, आणि त्याचेच अधिकारी त्याला हाकलतात. मंडईच्या जत्रेला आलेले लोक हे बघतील का, ही धास्ती.
आमच्या नाट्यमंडळात या काकाच्या भूमिकेला नाव पडलंय 'काकाराजा'. ती नामदेवकाकांना. भास्करराव गेल्यापासून धाकटा भाऊ म्हणून मंडळ तेच चालवतात, भास्कररावांचा रोशन हाताशी येईपर्यंत. रोशन बालराजा. मिशी काढायला तयार नाही. काका म्हणाले, "राजा व्हाचं हाये ना? मंग भादर!"

११ नोव्हेंबर
काकांनी वडशाच्या मोठ्या नाटक कंपनीशी परस्पर ठरवलं. यंदा मंडईची रात्र आपली, पुढच्या वर्षी त्यांची. बदल्यात मंडप, लाइट, हिरॉइन ते देणार. नाही म्हटलं असतं तर यंदाच त्यांनी समोर तंबू ठोकला असता.
काका : "मंडळ जित्तं ठेवाचं हाये मले."
रोशन : "बापानं उभं केलं, यानं इकलं."
मलाही रागच आला. नाटकात याच गोष्टीसाठी काकाराजाला मी माफ केलंय. मग?

१४ नोव्हेंबर
पाठांतर आपल्याकडे कोण करतं. सगळा प्रयोग प्रॉम्प्टरवर, आणि प्रॉम्प्टर मी. काका तर एकेक वाक्य माझ्या तोंडातून उचलतात, तरी लोक रडतात.
दुपारी रोशन आणि मंडळातले दोघे माझ्या घरी. "मॅडम, तिसऱ्या अंकात काकाराजाचं मोठं भाषण हाये ना, तवा तुमी चूप राहा."
"काहून?"
"लोकाइनंच उतरवावं त्याले. आमी हात बी नाही लावत."
मी नाही म्हणाले. हळू म्हणाले असणार, कारण तो हसला. "जमत नसन तं दुसरा प्रॉम्प्टर पाहू जी. पोस्टरवर नाव तुमचंच ठेवू."
लेखिका म्हणून पहिलंच पोस्टर. हे कारण असेल तर

१९ नोव्हेंबर
काल मंडई. तिसरा अंक. अधिकारी घेरतात. "ह्या हातावर शाई आहे, रक्त नाही." एवढं काकांना येतं. मग विंगेकडे कान. वही माझ्या मांडीवर, बोट पुढच्या ओळीवर. काका तेच वाक्य पुन्हा म्हणाले. मग पुन्हा.
"डोकरा अटकला रे!" शिट्ट्या. "उतर! उतर!" रोशन आपल्या प्रवेशाआधीच स्टेजवर घुसला : "आजपासून राज्य मी पाहीन!" टाळ्या थांबेनात. शिपाई झालेल्या पोरांनी काकांना बखोटीला धरून प्रेक्षकांतून नेलं. कुणीतरी त्यांच्या कोटाच्या खिशात शेंगांची टरफलं भरली. बाया हसत होत्या.
प्रयोग रंगला म्हणतात सगळे.

२४ नोव्हेंबर
रोशन अध्यक्ष. कंपनीशी ठरलेलं मोडलं. नव्या पोस्टरवर काका नाहीत. मी आहे.

२९ नोव्हेंबर
दुसरा प्रयोग, शेजारच्या गावी. कंपनीचा तंबू अगदी समोर. त्यांचे लाइट, त्यांची हिरॉइन. आपल्याकडे रिकाम्या खुर्च्या. शेवटच्या अंकात राजधानीवर बॉम्ब पडतात. तिथवर गेलोच नाही. रोशन तोंडाचा रंग तसाच ठेवून बसलेला. "काकाले बोलवाव लागन. कोन जाईन?"
सगळे माझ्याकडे बघू लागले.

२ डिसेंबर
मी गेले. काका ओसरीवर शेंगा सोलत होते.
"या बाई." मी विषय काढायच्या आत तेच म्हणाले, "त्या राती घसा बसला होता जी तुमचा?"
वाट करून दिली मला. मी 'हो' म्हणाले.
"आता बरा हाये ना? मंग सांगा. शाई आहे, रक्त नाही... त्याच्यापुढं काय होतं?"
पाठ आहे मला. मीच लिहिलेलं.
काकूंनी चहा आणला. मी तो प्याले. काका सोलायचे थांबून अजून कान देऊन बसलेले.