सातवा नमुना

३ मार्च, मंगळवार. संध्याकाळी ७.१०

आजपासून वही. निर्णय लेखी असले की बदलत नाहीत.

परिस्थिती अशी. मी पंपांच्या कारखान्यात मोजमाप विभागात आहे. विभाग म्हणजे एक खोली, एक टेबल आणि मी. इतरांची मोजायची साधनं बरोबर मोजतात का, हे मी तपासते, मिलिमीटरच्या हजाराव्या भागापर्यंत. महिनाअखेरीस त्या खोलीत एक मशीन येणार आहे. ते माझंच काम करेल, आणि मध्ये चहाला उठणार नाही. १ एप्रिलपासून माझी बदली पॅकिंगमध्ये. पॅकिंगची मुख्य माझी वहिनी. घरी दादा, वहिनी आणि मी एकाच टेबलावर जेवतो. आता दिवसाचे उरलेले आठ तासही तीच समोर.

वहिनी म्हणाली, ये गं ये, टेप लावायला शिकवते, फक्त दातांनी तोडायची नाही.

उपाय सापडला आहे. संग्रहालयाची जाहिरात: शस्त्र विभागात तांत्रिक परीक्षक, जागा एक. २१ तारखेला प्रात्यक्षिक. सहा रिव्हॉल्व्हरं समोर ठेवणार; दीडशे वर्षांपूर्वीचं अस्सल कोणतं आणि नंतर बनवलेली नक्कल कोणती, ते कारणांसह सांगायचं. मी आजवर रिव्हॉल्व्हर हातात घेतलेलं नाही. पण ते धातूचं असतं आणि धातूला मापं असतात. बाकी काय असतं?

संकल्प एक: कोणालाही सांगायचं नाही.
संकल्प दोन: रोज दोन तास अभ्यास.

४ मार्च, बुधवार. सकाळी ८.०५

वहिनीला कळलं. मी फक्त दादाला सांगितलं होतं, तेही गुप्त म्हणून. नाश्त्याला म्हणाली, आता घरात आवाज चढवायची सोय राहिली नाही, नणंदबाई बंदूक काढतील. दादा हसला. दादाला यापुढे काहीही सांगायचं नाही.

संकल्प एक रद्द धरावा. दोन चालू.

५ मार्च, गुरुवार. रात्री जेवणाआधी

वाचनालयातून जाड पुस्तक आणलं. सार: अस्सल रिव्हॉल्व्हरच्या वेगवेगळ्या भागांवर एकच क्रमांक ठोकलेला असतो. स्क्रूच्या डोक्यावर एकच सरळ चीर. कडा वापरून गोल झालेल्या. नकलेवर नव्या कारखान्यांच्या खुणा सापडतात, आणि काही लबाड लोक ॲसिड लावून नव्या मालाला म्हातारं करतात.

प्रकरण नऊ, 'पृष्ठभागाची काळजी', अडतीस पानं. वगळलं. पृष्ठभाग हा माझा रोजचा विषय आहे.

अभ्यास: पन्नास मिनिटं. पण मी जलद वाचते, म्हणजे दोन तासच.

८ मार्च, रविवार. दुपारी ३.३०

सरावासाठी रिव्हॉल्व्हर मिळालं. मामाकडे. मामा नाटक कंपनीत सामान सांभाळायचा, आता निवृत्त. दिवाणखान्यात खिळ्याला लटकवलेलं होतं. मी विचारायच्या आत म्हणाला की अगं ते नाटकातलं आहे, तिसऱ्या अंकात खलनायक ते टेबलावर आपटायचा. मी त्याला थांबवलं. मालकाने दिलेली माहिती आधी ऐकली की निरीक्षण बिघडतं. मामा म्हणाला, बरं बाई, मी गप्प बसतो, पण ते खरंच नाटकातलं आहे.

पिशवीत घालून घरी आणलं.

१० मार्च, मंगळवार. संध्याकाळी ६.४५

निष्कर्ष धक्कादायक आहेत. मामाचं रिव्हॉल्व्हर अस्सल आहे.

पुरावा: क्रमांक ८७. नळीवर ८७, चौकटीवर ८७, गोळ्या भरायच्या फिरत्या सिलिंडरवर ८७, लाकडी मुठीवरही ८७, पांढऱ्या रंगात. इतकी जुळणी पुस्तकातसुद्धा नाही.

किरकोळ शंका, उत्तरांसह. एक, दोन स्क्रूंना अधिकच्या चिन्हासारखी चीर आहे. नंतरची दुरुस्ती. दोन, नळी पुढून भरीव आहे, म्हणजे गोळी बाहेर पडायला वाटच नाही. आधीचा कोणी मालक काळजीवाहू असावा, धूळ जाऊ नये म्हणून बुजवली. तीन, नळीच्या खाली इंग्रजीत बारीक अक्षरं, ज्यांचा अर्थ 'फक्त काळी दारू'. बनवणाऱ्याची प्रामाणिक सूचना.

जेवताना हे वाचून दाखवलं. वहिनीने विचारलं, काळी तेवढीच का, पांढरी चढत नाही का त्याला? मी सांगितलं की ही बंदुकीची दारू. ती म्हणाली, मग बरोबर, पिऊन नाही, भरून चालतं. दादाच्या नाकातून पाणी आलं. या घरात तांत्रिक चर्चा शक्य नाही.

खात्री: ९७ टक्के. तीन टक्के नम्रतेसाठी सोडले.

१२ मार्च, गुरुवार. संध्याकाळी ७.००

कोपऱ्यावरच्या घड्याळवाल्याकडे गेले. घड्याळाचा पट्टा बदलायला. मत विचारायला नाही. रिव्हॉल्व्हर पिशवीत होतं आणि पिशवी उघडी राहिली.

त्याने हातात घेतलं, अंगठ्याने कडा चाचपल्या, वास घेतला. वास! मग 'फक्त काळी दारू' वाचून हसला. म्हणाला, ताई, त्या काळी दुसरी दारू होतीच कुठे? सगळीच काळी. 'फक्त' लिहायची वेळ कधी येते? दुसरी बाजारात आल्यावर. हे लिहिणारा माणूस तुमच्या-माझ्या काळातला.

मी म्हटलं, त्या माणसाला पुढचं दिसत असेल. तो म्हणाला, मग त्याने बंदुका कशाला बनवल्या, भविष्य सांगितलं असतं.

जाताना कळलं की २१ तारखेला तोही येणार आहे. त्याच जागेसाठी. त्याच्याकडे मायक्रोमीटर नाही, पदवी नाही, डोळ्याला लावायचं एक भिंग आहे आणि ते दोऱ्याने बांधलेलं आहे. मला काळजी नाही. हे नोंदवून ठेवते: काळजी नाही.

१५ मार्च, रविवार. सकाळी ११.२०

मामाला रिव्हॉल्व्हर परत केलं, सोबत माझा एकेचाळीस पानी अहवाल. मामाने शेवटचं पान वाचलं, चष्मा काढला आणि विचारलं, पोरी, झोप लागते ना नीट? लागते. साडेसहा तास.

पॅकिंगमधून वहिनीने माझ्यासाठी एप्रन आणला आहे. माझ्या मापाचा. खुंटीला अडकवला. मी तो काढून कपाटात ठेवला. तिने परत खुंटीला लावला.

१९ मार्च, गुरुवार. रात्री ८.१५

तयारी पूर्ण. अभ्यास एकूण: ठरवल्याच्या चाळीस टक्के. पण गुणवत्ता दुप्पट, म्हणजे ऐंशी.

वहिनीने अचानक, भाजी चिरता चिरता, सांगितलं की तुला ती नोकरी लागली तर मला आवडेल; तू खोकी चिकटवशील तर मलाच बघवणार नाही. मी म्हटलं, कांदा डोळ्यात गेला असेल. ती दुधी चिरत होती.

२१ मार्च, शनिवार. सकाळी ७.४०

बॅग: मायक्रोमीटर, व्हर्नियर, भिंग, स्पिरिट, कापूस, बारीक ब्रश, पॉलिशची पेस्ट, हातमोजे. मन स्थिर. नाडी ११२, पण जिने चढल्यामुळे. (घर तळमजल्यावर आहे. मी मनातल्या मनात चढले.)

२१ मार्च. दुपारी ४.३०

उत्तम झालं.

लांब खोली, हिरवं कापड, सहा रिव्हॉल्व्हरं, नमुना एक ते सहा. एका वेळी एक उमेदवार, वेळ पाऊण तास. माझा नंबर पहिला. घड्याळवाला बाहेर बाकावर दुसरा. आत देखरेखीला एक कारकून, तो वर्तमानपत्र वाचत होता.

नमुने एक, दोन, तीन, पाच, सहा: नकला. स्क्रूचे आटे आजच्या मापाचे, क्रमांक एकाच यंत्राने छापलेले. बारा मिनिटांत संपवले.

नमुना चार फारच अस्वच्छ होता. सगळ्या अंगावर काळपट-तपकिरी थर. आमच्या खोलीत पहिला नियम आहे: आधी पुसा, मग मोजा. मळावरून माप घेणं म्हणजे टोपी घालून उंची मोजणं. स्पिरिटने थर हलेना. पेस्ट लावली. वीस मिनिटं घासलं. इतका चिवट मळ मी कारखान्यातही पाहिला नाही. शेवटी आतलं पोलाद निघालं, लख्ख, आरशासारखं. त्यात माझा चेहरा दिसत होता.

मग निरीक्षण नोंदवलं: 'नमुना चारच्या पृष्ठभागावर जुनेपणाची एकही खूण नाही. क्रमांक अस्पष्ट, जणू घासून काढलेला. निश्चित नक्कल.'

म्हणजे सहाही नकला. खाली एक ओळ जोडली: 'संग्रहालयाची फसवणूक झालेली दिसते. मला नेमल्यास पुढे होणार नाही.'

विभागप्रमुख बाई आत आल्या. त्यांनी नमुना चार उचलला आणि खुर्चीत बसल्या. खुर्ची थोडी लांब होती, तरी बसल्या. कारकुनाने त्यांना उचललं. बाईंनी मला विचारलं, हे तुम्ही केलंत? मी म्हटलं, हो, आणि बाकीचेही करून देऊ शकते. त्यांनी कारकुनाकडे पाणी मागितलं. इतका प्रभाव पडेल असं वाटलं नव्हतं.

२४ मार्च, मंगळवार. संध्याकाळी ६.००

काही कळत नव्हतं, म्हणून घड्याळवाल्याकडे गेले. पट्टा सैल झाला होता. त्याने तो घट्ट करून दिला. मग मीच परीक्षेचा विषय काढला.

तो म्हणाला, मी आत गेलो तेव्हा चौघं नमुना चारभोवती उभे होते, घरात कोणी गेल्यासारखे. मला विचारलं, याच्याबद्दल काय सांगता? मी कडा चाचपल्या, मूठ पाहिली, वास घेतला. पॉलिशचा वास. म्हटलं, हे अर्ध्या तासापूर्वीपर्यंत अस्सल होतं.

सहातलं तेवढंच एक अस्सल होतं म्हणे. तो थर मळ नव्हता. तो दीडशे वर्षांचा होता. त्यावरूनच तर ओळखायचं होतं.

त्याने मला पाणी दिलं. म्हणाला, ताई, हात चांगला आहे तुमचा, कुठेही ओरखडा नाही. पट्ट्याचं काही घेतलं नाही.

तांत्रिकदृष्ट्या पाहता, मी लिहिलं तेव्हा ते वाक्य बरोबर होतं. जुनेपणाची एकही खूण नव्हती.

२७ मार्च, शुक्रवार. संध्याकाळी ७.३०

संग्रहालयाचं पत्र. जागा घड्याळवाल्याला. दुसऱ्या परिच्छेदात मला विनंती की कोणती पेस्ट, किती वेळ आणि किती दाबाने, ते तातडीने लेखी कळवावं. म्हणजे ते माझा तांत्रिक सल्ला घेत आहेत. सात पानी उत्तर पाठवलं, आलेखासह.

पत्र टेबलावर राहिलं. वहिनीने वाचलं. मला वाटलं आता आठवडाभर चिडवायला पुरेल तिला. ती एवढंच म्हणाली की सहा नमुने टेबलावर होते आणि सातवा आमच्या घरून गेला होता. मग माझ्या ताटात न विचारता जास्त वाढलं. खाल्लं. भूक नव्हती.

१ एप्रिल, बुधवार. संध्याकाळी ६.५०

पॅकिंग, पहिला दिवस. एप्रन बरोबर बसला. हे तिला सांगितलेलं नाही.

टेप अजून मला देत नाहीत. माझं काम स्टिकरचं. प्रत्येक पंपाच्या खोक्यावर एक गोल सोनेरी स्टिकर, त्यावर छापलेलं: 'अस्सल'. खोकं बंद होऊन येतं, पंप दिसत नाही. मी वहिनीला विचारलं, आत काय आहे ते न पाहता मी कशाच्या आधारावर हे लावायचं? ती म्हणाली, रोल तुझ्या हातात आहे, त्या आधारावर. लाव.

दिवसभरात सहाशे बारा. सगळे अस्सल.

चार वाजता वहिनी म्हणाली, अगं बाई, तिरके लावतेस की. मी कोनमापक लावून दाखवलं की दोष खोक्यांचा आहे. ती कोनमापकाकडे बघून म्हणाली, हा खिशात होता? आणि पूर्ण विभागाला बोलावून दाखवला.

घरी आल्यावर सापडलं की एक स्टिकर माझ्याच बाहीवर चिकटलाय. ओढला तर कापड येतं, म्हणून राहू दिला. आरशासमोर मोजला. तीन अंश तिरका.

शर्टच तिरका शिवलेला आहे.