भोंग्यात मी लावलेलं तुझं लग्न

प्रिय बाईसाहेब,

भक्... भक्... भक्! औशाच्या तंबू टॉकीजचं ते डिझेल इंजिन कालपासून माझ्या कानात चालू आहे. पेपरच्या कोपऱ्यात चार ओळी होत्या : हॉलीवूडची जुनी विनोदी नटी गेली. मी ओरडलोच, "अगं, ही तर आपली!"

सूनबाई म्हणाली, "आपली कोण, मामा?"

आता तिला काय काय सांगू? पंधराव्या वर्षी तू नाचायला उभी राहिलीस. पुढं एका रडक्या भूमिकेत पाय घसरून पडलीस, सगळा स्टुडिओ हसला, आणि तुझं नशीबच उघडलं! मग आयुष्यभर पडत राहिलीस, तेही काय डौलात! बक्षिसं मात्र रडणाऱ्या नट्यांना. राग नाही आला कधी?

मी तेव्हा कोवळा मास्तर. इंग्रजी चित्रपट असला की भोंगा घेऊन पडद्याशेजारी उभा राहायचो, तुझं बोलणं मराठीत सांगायला. खरं सांगू? मला ते अर्धंही कळत नव्हतं! तू साहेबाला झापायचीस, आणि मी तुझ्या तोंडी चौथीच्या पुस्तकातली चांदण्याची कविता घालायचो. टाळ्या पडायच्या!

पण एक लबाडी अजून सलते. त्या टायपिस्टच्या चित्रपटात शेवटी तू श्रीमंत नवरदेवाला ऐन लग्नात सोडतेस, बॅग उचलतेस आणि हसत चालू लागतेस. बायकांच्या बाजूला कुजबुज सुरू झाली. मी घाबरलो, भोंग्यात बोलून गेलो, "बाई आता सासरी निघाली!"

"मास्तर, खोटं हाय!" हेडमास्तरांची लेक कुसुम ताडकन उभी राहिली. "तिचं तोंड बघा की! सासरी जाणारी अशी हसती व्हय?"

तंबू खदखदून हसला. तिला ओढून खाली बसवलं. महिन्याभरात तिचं लग्न झालं, मुखेडला. तिला पुढं शिकायचं होतं, हे मला माहीत होतं गं! निघून जाणारी एक तरी बाई तिला बघायची होती. मी पडद्यावरची तीही सासरी धाडली.

त्यानंतर कुसुमशी बोलायची माझी हिंमतच झाली नाही.

आज संध्याकाळी तोच चित्रपट घरच्या टीव्हीवर! सूनबाईनं शाळेच्या जुन्या मंडळींच्या ग्रुपवर टाकलंय. खुर्च्या मांडल्या, चिवडा झाला. कोण येईल, देव जाणे. पण वचन देतो : आज भोंगा नाही, कविता नाही. तू बॅग उचललीस की एवढंच म्हणेन, ही निघाली, आणि सासरी नाही.

थांब हं, बेल वाजली...

बाईसाहेब! दारात कुसुम! केस पांढरेशुभ्र, खांद्याला बॅग, जिना चढून धाप लागलेली, आणि हसतेय!

"मुखेडहून एसटीनं आले, मास्तर. आज तरी खरं सांगता का न्हाई?"

तुझा,
भोंगा खाली ठेवलेला,
औशाचा मास्तर