आभारप्रदर्शन : धर्मराज सर

२ मार्च, सोमवार
संचालक सुंदरराव सरांनी केबिनमध्ये बोलावलं. आपल्या विद्यापीठ उपकेंद्रात या महिन्यात भूगोलाची तीन व्याख्यानं, वक्ते बाहेरचे. अठ्ठावीसला करिअर मेळावा. सगळं आयोजन माझ्याकडे! अकरा वर्षं तासिका तत्त्वावर काढली, दरवर्षी नवी ऑर्डर घेतली, पण एवढी जबाबदारी पहिल्यांदाच. अर्थ उघड आहे. कायम करण्याआधी माणूस पारखून घेतात.
संकल्प : पीएचडीचा सिनॉप्सिस याच महिन्यात संपवणे. चहा दिवसातून दोनदाच.

४ मार्च
सर म्हणाले, तुम्हीही नाव द्या, दहा तारखेच्या आत, बायोडेटासकट. नम्रपणे नकार दिला. आयोजकानंच माईक धरला तर लोक काय म्हणतील? सर बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले. भारावले असावेत.
मला व्याख्यान नकोच. मेळाव्यात अध्यक्षीय समारोप हवा. आजवर कायम आभारच वाट्याला आले. सव्वीस कार्यक्रम, सव्वीस आभार, एकही नाव कधी सुटलेलं नाही.
चहा चार.

७ मार्च, शनिवार
पहिलं व्याख्यान. वक्ते आष्टीकडचे. बरे बोलले. मागच्या बाकावर विद्यापीठातून आलेले तिघे कागदावर सारखे आकडे टाकत होते. मी त्यांना दोनदा बिस्किटं नेली.
नंतर पोरांना छापील फॉर्म वाटले. शेवटचा प्रश्न : यांनी तुम्हाला शिकवावं असं वाटतं का? पोरं माझ्याकडे बघायला लागली. म्हटलं, पाहुणे आहेत, हात आखडू नका, सगळ्यांनाच 'होय' लिहा.

९ मार्च
शिपाई रामहरी जिन्यात गाठून म्हणाला, सर, ह्ये साधं लेक्चर न्हाई. तुमी अर्ज कावून देत न्हाई? उद्या शेवटचा दिस हाय. त्याला सांगितलं, कामाची एक पद्धत असते. माणूस चांगला आहे, पण अंदरकी बात त्याला कुठून कळणार?
घरी तेजश्रीनंही तेच काढलं. पोटची पोर, त्यात आमच्याच विभागात एमएला. पप्पा, मी भरून देऊ का फॉर्म, तुमी फक्त सही करा. ओरडलो तिच्यावर. जेवली नाही.

१० मार्च, सायं. ५.१०
कार्यालय बंद झालं. मुदत संपली. कुलूप एकदा ओढून पाहिलं, मग पायरीवर बसलो.
ऊन फार आहे सध्या. चहा पाच.

१४ मार्च
दुसरं व्याख्यान. डॉ. रुबीना शेख, विषय भूजल. कागद न बघता बिंदुसरेचं सगळं खोरं फळ्यावर काढलं. पालीचं धरण बरोबर जागेवर. रोजा होता, पाण्याचा घोट नाही, तरी पाऊण तास खणखणीत. त्यांचाही चहा मीच घेतला. पोरांनी चिक्कार प्रश्न विचारले. माझ्या तासाला कोणी विचारत नाही. मी शंका शिल्लकच ठेवत नाही.
जाताना बाईंनी विचारलं, सर, नकाशांच्या खोलीची चावी कुठे असते? अभ्यासू आहेत. दाखवली.
तेजश्री फॉर्म हातात धरून नुसती बसलेली. म्हटलं, खरं वाटेल ते लिही. डोळे पुसत लिहिलं तिनं. खडूची धूळ फार आहे त्या वर्गात.

२३ मार्च
तिसऱ्या वक्त्याची तारीख ठरवायला गेलो. सर म्हणाले, आता गरज नाही. वेळेची बचत. समारोपाची बावीस पानं झाली. सिनॉप्सिस एप्रिलमध्ये.

२५ मार्च
विभागाचं दार रंगवलं. माझ्या नावाची पाटी काढून ठेवलीय. नवी करणार असतील, हुद्द्यासकट. रामहरी जुनी पाटी पुसून माझ्या हातात देऊन गेला.
माझी खुर्चीही पाहुण्यांसाठी नेली होती, ती परत आली नाही. उभं राहून लिहितोय.

२७ मार्च
अंगठ्याच्या यंत्रानं अंगठा घेतला नाही. पाच वेळा लावला. अकरा वर्षं खडू धरून रेषा झिजल्या असणार.
सकाळपासून उगाच भीती वाटतेय. लिहून ठेवतो, म्हणजे जाईल.

२८ मार्च, शनिवार, संध्याकाळ
मेळावा झाला. गर्दी उत्तम. अध्यक्षीय समारोप सरांनी स्वतःच केला, चार मिनिटांत. पत्रिकेत माझं नाव नेहमीच्या जागी. सरांनी नावांची चिठ्ठी हातात दिली. मी चिठ्ठी आधी वाचून बघत नाही, सव्वीस कार्यक्रमांची सवय.
मंडपवाले, माईकवाले, आलेल्या कंपन्या. मग, भूगोल विभागात एक एप्रिलपासून रुजू होणाऱ्या डॉ. रुबीना शेख. मग शेवटची ओळ. अकरा वर्षं सेवा देऊन एकतीस तारखेला कार्यमुक्त होणारे धर्मराज सर, यांचेही मनःपूर्वक आभार.
पूर्ण वाचली. आवाज हलला नाही. टाळ्या पडल्या. तेजश्री खाली बघत होती. आणि मी सवयीनं म्हणालो, अनवधानानं कोणाचं नाव राहिलं असेल तर क्षमस्व.
घरी येताना मेळाव्यातला एक फॉर्म आणला. कोणत्या कंपनीचा, पाहिलं नाही. तेजश्री म्हणाली, पप्पा, मी भरते, तुमी सांगा फक्त. तिनं नाव लिहिलं. पत्ता लिहिला. पुढच्या रकान्यात 'सध्याचा व्यवसाय' होतं.
तिनं पेन उचलून माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, तेवढी जागा राहू दे.