बट कापायची राहिली

प्रिय साविन,

तिकडे तुला ज्या नावानं हाक मारतात ते तुझ्या पत्राखाली आहे, पण माझ्या जिभेला ते काही वळत नाही. दोन-तीनदा म्हणून पाहिलं, तर आपली शेजारीण व्हेटा हसून हसून बेजार. म्हणाली, अगं पारास्किवा, पोराला हाक मारतेयस की बदकं गोळा करतेयस? तेव्हा मी आपलं मी ठेवलेलं नावच लिहिते. शाळेतल्या बाई हे तुझ्या भाषेत उतरवणार आहेत. तुझ्या पत्रातलं शेवटचं वाक्य मला फार लागलंय. पण त्याच्याकडे येते सावकाश.

तुझा डावा पाय जन्मतःच आत वळलेला होता. जिल्ह्याच्या डॉक्टरांनी हात झटकले. त्या हिवाळ्यात परदेशी संस्थेच्या गाड्या गावात यायच्या, ब्लँकेटं, दुधाची पावडर, औषधं घेऊन. खोटं कशाला बोलू, त्यांच्या दुधावर निम्मं गाव जगलं. डोम्निका नावाची आपलीच बाई त्यांची दुभाषी होती. तिनं एक परदेशी जोडपं घरी आणलं. म्हणाली, हे पायाचं ऑपरेशन करून देतील, सगळं त्यांचं ते बघतील. ती बाई तुला मांडीवर घेऊन बसली होती, तुझं वाकडं पाऊल तळहातात धरून. मला ती आवडली रे.

नेण्याआधी बाप्तिस्मा उरकायचं ठरलं. चर्चमध्ये त्या परदेशी बाईनंच मेणबत्ती धरली, तुला हातात घेतलं. झालं! माझ्या लेखी ती तुझी धर्मआई झाली. आपल्याकडे धर्मआई म्हणजे तोंडदेखलं नातं नव्हे. आजारी पोराला ती महिनोन्‌महिने आपल्या घरी ठेवते, आणि वर्षाचं झालं की घेऊन येते नि स्वतःच्या हातानं त्याची पहिली बट कापते. ती बट दुसऱ्या कोणी कापायची नाही, आईनंसुद्धा नाही. मग मी कशाला घाबरू? पुढे केलेल्या कागदांवर मी खुशाल सह्या केल्या. गाडी निघताना रडू आलं, तर तुझ्या बाबांनी, गॅव्रिलनं, मलाच दटावलं की पोर मोठ्या घरी बरं व्हायला चाललंय, अशुभ कसली रडतेस.

तुझा पहिला वाढदिवस सप्टेंबरात आला. कोबीच्या पानांत खिमा-भात भरून मी पातेलंभर सारमाले केले. रीतीप्रमाणे ताट मांडलं. त्यात कंगवा, पेन, आरसा, पावाचा तुकडा; पोर जे उचलेल ते त्याचं नशीब. शेजारी नवी कोरी कात्री. सगळी आळी जमली होती. गाडीचा आवाज आला की मी फाटकाशी धावायची. अंधार पडला, कोणी आलं नाही. शेवटी व्हेटानंच सगळ्यांना वाढलं, आणि कधी नव्हे ते तिच्या तोंडून एकही टोमणा निघाला नाही.

संस्थेच्या कचेरीत गेले तर डोम्निका म्हणाली, पायाला वेळ लागतो, येतील हो. मग दर नाताळात धर्मआईच्या मानाची टोपली मी तिथेच नेऊन द्यायला लागले. वेणी घातलेला गोड पाव, अक्रोड, सोलून साफ केलेली कोंबडी. तिला पोचवा म्हणायची आणि ते लोक हसून घ्यायचे. तो पाव कुणी खाल्ला असेल हे आता कळतं. चौथ्या खेपेला तिथल्या एका नव्या मुलीला राहवलं नाही. ती म्हणाली, मावशी, तो आता कायद्यानं त्यांचाच मुलगा आहे, कायमचा. तुम्हाला कोणी सांगितलंच नाही का? मी टोपली घेऊन तिथेच पायरीवर बसले. ती सगळी वाईट माणसं नव्हती रे. पोरं वाचवायची त्यांना फार घाई होती, आईपाशी बसून दोन शब्द बोलायला कुणालाच सवड झाली नाही. पुढच्या नाताळात तिथे फोनचं दुकान होतं. गॅव्रिल त्यानंतर फार बोललाच नाही, आणि तसाच गेला.

आता तुझं पत्र. पाय बरा आहे, डोंगर चढतोस, हे वाचून मी आणि व्हेटा गळ्यात गळा घालून रडलो. तुझी तिकडची आई वारली, तिच्यासाठी मी मेणबत्ती लावली. चिडून लावली, पण लावली. आणि शेवटी तू लिहिलंस की, तू मला टाकून दिलंस त्याबद्दल मी तुला माफ केलंय, उत्तराची गरज नाही. बाळा, उत्तराची गरज मला आहे. तुझं बाकीचं पत्र मी उशाशी ठेवलंय, ती माफी तेवढी परत पाठवतेय. मी तुला टाकलं नव्हतं. मी तुला पाय बरा करायला धाडलं होतं आणि कात्री घेऊन तुझी वाट बघत बसले होते. आता धर्मआई उरली नाही, म्हणजे बट कापायला हक्काचं माणूस नाही. तू ये. डोक्यावर केस उरले असतील तेवढ्यातली एक बट मीच कापीन, मग गाव काय म्हणायचं ते म्हणो.

तुझीच,
आई